आदल्या संध्याकाळचं दूध

प्रिय दादा,

फोन केला असता तर तू "अगं, ऐक तर" म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. म्हणून लिहिते आहे. वहिनीला वाचायला लावू नकोस. अक्षर अक्षर लावत का होईना, तूच वाच; ती अक्षरं तुला मीच शिकवली, म्हणून तर मला मास्तरीण म्हणतोस.

आपला गोऱ्हा आमच्या पैदास केंद्रात मजेत आहे. सकाळी दावणीपाशी गेले की माझी बाही चाटतो. सरळ पाठ, भक्कम मागचे पाय, डोळ्यांत कसली भीती नाही. खरेदीच्या दिवशी मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं, हा माझ्या सख्ख्या भावाचा गोऱ्हा आहे, किंमत ठरेल तेव्हा मी खोलीत बसणार नाही. बाहेर बाकावर नखं खात बसले. डॉक्टर दार उघडून म्हणाले, "बाई, तुमच्या गोऱ्ह्यानं सगळ्यात वरचा भाव घेतला. त्याच्या आईचं दूध बघून आम्हीच गार झालो." त्या दिवशी मी सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

काल कागद फाइलला लावताना त्याच्या आईच्या दूधमोजणीचे आकडे पाहिले. सकाळी चौदा लिटर, संध्याकाळी आठ. बारा-बारा तासांनी धार काढली तर इतका फरक पडत नाही, दादा. तो पडतो, आदल्या संध्याकाळी दूध कासेतच ठेवलं तर. वहिनीला सहज म्हणून फोन केला. ती भाबडेपणानं सांगून गेली, आदल्या संध्याकाळी कास पुरती रिकामी होते का ते बघायला आलेल्या मोजणीवाल्याला तू ओसरीवर चहाला बसवलंस, दोन धारा मारल्यास आणि "झालं पिळून" म्हणून आलास. गाय सकाळपर्यंत पाय झाडत होती म्हणे. कास दगडासारखी झाली असेल तिची. ती कालवड होती तेव्हा मी तिला बाटलीनं पाजलंय.

आणि हे कशासाठी? खरं दूध मोजलं असतं तरी गोऱ्हा निवडला गेला असता. भाव एक पायरी खाली आला असता, एवढंच. सोन्यावर तू पितळेचा मुलामा चढवलास.

तू म्हणशील, बाजारात कोण खरं बोलतं? अरे, बाजारातला बैल एका दावणीला जातो. याचं बीज हजारो गोठ्यांत जाणार. कुणीतरी बाई कागदावरचा आकडा बघून त्याची कालवड पोटच्या पोरीसारखी वाढवेल, आणि मग अर्धी बादली बघून नशिबाला बोल लावेल. नशिबाला, तुला नाही.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? ही युक्ती तुला मीच सांगितली. मागच्या सुट्टीत जेवताना, लोक कसे फसवतात ते हसत हसत सांगत होते. तू ताटात बोट फिरवत विचारलंस, "मग पकडतात कसं?" मी म्हटलं, "आकडे नीट बघणारं कुणी असलं तर." मला वाटलं, दादाला माझ्या कामाचं कौतुक आहे.

मी बाहेर बसले म्हणून आत कुणी कागद उलटून पाहिला नाही. माझ्या खरेपणावर तुझं खोटं खपलं. गप्प राहिले तर कधी कुणाला कळणारही नाही, हे मला काल दिवसभर कळत होतं. उद्या सकाळी मी डॉक्टरांना लेखी देणार आहे. त्यात तुझं नाव आहे, आणि युक्ती कुणी सांगितली तेही आहे. माझं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. गोऱ्हा परत येईल. बाबांना पाठवू नकोस, ते घरोघरी त्याचा भाव सांगून आलेत. तू ये आणि दावं माझ्या हातून घे. हे पत्र आत्ताच पेटीत टाकते आहे, कारण एकदा ते तुझ्याकडे निघालं की उद्या माझा पाय मागे येणार नाही. आणि निघण्याआधी गाईची धार पुरती काढ.

अजूनही तुझीच,
मास्तरीण