सील वाचवल्याचे प्रशस्तिपत्र परत घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा पर्यावरण गौरव समिती,
दुर्ग (छ. ग.)

विषय : प्रशस्तिपत्र परत घेऊन ५ जूनची शालेय नाटिका थांबवणेबाबत (अर्ज दुसरा).
संदर्भ : आपले प्रशस्तिपत्र, दि. २६ जानेवारी २०२५.

महोदय,

आपण मूळचे भंडाऱ्याचे असल्याचे कळल्यावरून अर्जदार हा अर्ज मराठीत करीत आहे. हिंदीतल्या पहिल्या अर्जात नुसतेच ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिले होते. खरे लिहायची छाती झाली नाही.

१. अर्जदार लोखंड कारखान्याच्या भट्टी विभागातून निवृत्त आहे. एप्रिल २०२४ मध्ये तो पत्नी रुक्मासह कझाकस्तानात, मुलगी प्रेरणा जिथे डॉक्टरकी शिकते त्या कॅस्पियन समुद्राकाठच्या शहरी गेला होता. तेथे वाळूवर एक सील पडलेली दिसली. अंगावरची लव झडलेली, डोळ्यांना धार, श्वास थांबून थांबून. भट्टीपुढे झळ लागून पडलेला माणूस हुबेहूब असाच दिसतो. चौतीस वर्षे अंगात भिनलेली शिकवण एकच : आधी ओढा, पाणी घाला, विचारपूस मागून. अर्जदाराने पत्नीची शाल सीलखाली सरकवली आणि प्रेरणाच्या दोन मित्रांच्या मदतीने तिला समुद्रात लोटले. त्याचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ पाहूनच आपण हे प्रशस्तिपत्र दिले.

२. त्या वेळी पत्नी म्हणाली होती, “अवो, ते झोपून राहिली, तिले कावून उठवता?” अर्जदाराने उत्तर दिले, “तुले काय समजते?” हे दोन्ही उद्गार नोंदीस घ्यावेत. दूरवर एक म्हातारी दोन्ही हात हलवून ओरडत होती. ती शाबासकी देत आहे असे समजून अर्जदाराने तिला लवून नमस्कार केला.

३. गेल्या मार्चमध्ये प्रेरणा सुट्टीत घरी आली, तेव्हा भिंतीवरचे प्रशस्तिपत्र पाहून रडली व सर्व बोलली. वसंतात त्या सीलची लव गळते. नवी येईपर्यंत तिला कोरड्यावर पडून राहावेच लागते, गार पाण्यात ती गारठून खंगते. एके काळी त्या दहा लाखांवर होत्या म्हणतात, आता लाखही उरल्या असतील-नसतील. समुद्र आटतो आहे, टेकायला जागा कमी होते आहे. जी जागा एकीला सापडली होती, तिथून अर्जदाराने तिला उठवले. तिसऱ्या दिवशी त्याच काठावर एक मेलेली सील मिळाली. तीच का, हे प्रेरणाला ठाऊक नाही. अर्जदाराला विचारायची हिंमत नाही.

४. आपल्या कार्यालयात चार खेपा झाल्या. बाबू म्हणाले, “खोब्रागडेजी, सम्मान लौटाने का फॉर्म ही नहीं होता. और सील अपने एरिया का जानवर भी नहीं है.” शेजारी शामराव म्हणतात, हे हात दाखवून अवलक्षण आहे. असू द्या. अर्जदार रोज विहारात पंचशील म्हणतो. पहिल्याच शीलाशी, जीवहत्येपासून दूर राहण्याशी, तो थांबतो आणि पुढची चार शीले बाकीचे लोक म्हणतात.

५. नाटिकेत अकरा शाळांची मुले सीलला पाण्यात ढकलणार, आणि प्रमुख पाहुणा म्हणून अर्जदाराने टाळ्या वाजवायच्या. फॉर्म नसेल तर तो तयार करावा. तेही जमत नसेल तर अर्जदारावर गुन्हा नोंदवावा, त्याचा तरी फॉर्म असेलच. नाटिका करायचीच असेल तर पत्नीचे वाक्य तेवढे ठेवावे आणि सीलला झोपू द्यावे.

६. शेवटचे, जे पत्नीलाही सांगितलेले नाही. आपण पाहिलेला व्हिडिओ सील पाण्यात जाताच संपतो. तो तिथे अर्जदारानेच कापला होता. पुढचा भाग चांगला दिसत नव्हता. पूर्ण व्हिडिओ जोडला आहे. त्यात ती दोनदा काठावर परत येते, आणि अर्जदार दोनदा तिला ढकलतो.

आपला नम्र व मान खाली घातलेला,
(सही)
प्रेमानंद कवडू खोब्रागडे
रुआबांधा, भिलाई
दि. १९ मे २०२५

सोबत :
१. प्रशस्तिपत्र, फ्रेमसह.
२. समितीने दिलेली शाल. (पत्नीची शाल तिकडेच समुद्रात गेली.)
३. पेन ड्राइव्ह. कृपया शेवटपर्यंत पाहावा.