खंदकातली मरळ

बाबा, भावाने पाठवलेल्या तुमच्या वस्तू काल मिळाल्या: पहाऱ्याचा पितळी बिल्ला, शिट्टी, खाकी टोपी. शेजारीण सुट्टीवरून मस्कतला परतताना बॅगेत घेऊन आली, म्हणून टपालखर्च वाचला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी टोपीला घामाचा डाग आहे.

मागच्या शुक्रवारी आम्ही इथला एक किल्लेवजा जुना वाडा बघायला गेलो. भोवती कोरडा खंदक, आत पाण्याचा पाट आणि कुंडात बोटाएवढे मासे. मुलीने पाण्यात हात घातला तसा म्हातारा रखवालदार काठी टेकत आला. "बेटी, मच्छी भी सरकारी है. खलास." मुलगी कुरकुरली, "मम्मी, मी फक्त टच केलं ना." हे म्हणाले, "तुझ्या आजोबांचाच भाऊ दिसतोय." मला हसता येईना.

आपल्या गावचा भुईकोट सरकारने संरक्षित केला, तेव्हापासून त्याच्या खंदकातली मासेमारी बंद. पहारा तुमचा. पूर्वी तिथेच मासे धरणाऱ्या ढिवरीण मावशीला शिंगाडे काढायची तेवढी मुभा तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर दिली होती. त्या उन्हाळ्यात आई बाळंतीण होती, अंगात रक्त नाही. पाणी आटलेलं, आणि मी टोपलीखाली मरळ धरली. आईच्या ताटात ती बघून तुम्ही विचारता, "कुठून आली?" मी म्हणते, "मावशीने दिली." तुम्ही न जेवता उठता.

दुसऱ्या दिवशी फाटकात, माझ्यासमोरच, तुम्ही तिला अडवलंत. "बाई, विश्वासाने आत सोडलं होतं तुम्हाला."

"जमादार, मी मासोळीले हात नाही लावला."

"मग माझी पोरगी खोटं बोलते का?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. सगळं कळलं तिला. टोपली उचलून ती निघून गेली. शिंगाडे गेले तशी तिची रोजीरोटी गेली, आणि पुढच्या हंगामाआधी ते घरच गावातून उठलं.

इथे आम्ही कुणा ना कुणाच्या हॉलमध्ये बुद्धवंदनेला जमतो. पंचशील तुम्हीच शिकवलंत. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझे नुसते ओठ हलतात. सगळ्यांच्या आवाजात ते खपून जातं.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात सांगायचं ठरवून आले होते. तुम्ही माझा हात धरून ह्यांना म्हणालात, "ही कधी खोटं बोलली नाही." मग राहून गेलं. मरळ मी धरली होती, बाबा. हे पत्र कुठे टाकू, कळत नाही. आपण तिकडचं काही मानत नाही; तरी मावशी भेटलीच तर तिला एवढं सांगा, आणि ती काय म्हणाली ते उलट टपाली कळवा.