मॅडम, खालचा गट द्या

१० नोव्हेंबर
लातूरहून नांदेडला परत. दिवसभर प्रशिक्षण: विद्यार्थ्यांचं इंग्रजी लेखन आंतरराष्ट्रीय पट्टीवर कसं मोजायचं. गुण नाहीत, पास-नापास नाही, नुसत्या पायऱ्या. ए-टू म्हणजे ओळखीचं, तुटक तुटक लिहिता येतं. त्याच्या वरची बी-वन, म्हणजे स्वतःचं म्हणणं सलग मांडता येतं. पोरांना दिलेला विषय: विमानतळावर बॅग हरवली, तक्रार लिहा. आमच्या पोरांना विमानतळ! येताना एसटीत गुडघे आखडले.

१३ नोव्हें.
गठ्ठा सुरू. निम्म्या पोरांनी तक्रार आगारप्रमुखाला केलीय. एकाची बॅग हदगावच्या गाडीत राहिली, आत चिवडा आणि भावाची नवी पँट. सूचनेप्रमाणे हे विषयांतर. मला तर सगळ्यांत हाच खरा प्रवासी वाटला. डोळे चुरचुरतायत. उरलेले उद्या.

१७ नोव्हें.
दुसरे परीक्षक लातूरचे बिराजदार सर, निवृत्तीला आलेले. काठावरच्या ज्यांना मी ए-टू दिलं, त्या सगळ्यांना त्यांनी बी-वन दिलंय. फोन केला.
"अहो मॅडम, ए-टू म्हंजी पोरगं गेलंच की! उचललं वर."
म्हटलं, सर, यात नापास होत नाही कुणी.
"पास न्हाई, नापास न्हाई, मग परीक्षा कशाची?"
जन्मभर तेहतीसचे पस्तीस करत आलेला हात, तो आता काय थांबणार. भला माणूस. भल्या माणसांशी भांडून जास्त दमायला होतं.
दोघांची पायरी जुळली नाही, म्हणून नियमाप्रमाणे काठावरच्यांना पुन्हा लिहायला बसवायचं. नवा विषय. या वेळी शेवटचा शब्द माझा, म्हणे.

२० नोव्हें.
अश्विनी आली. बी.ए.चं शेवटचं वर्ष, हिमायतनगरची, काठावरच्यांतली एक. जमिनीकडे बघत म्हणाली, "मॅडम, मला खालचाच गट द्या ना."
इतकी वर्षं लोक वर चढवा म्हणून येतात. खाली उतरवा म्हणणारी ही पहिलीच.
कारण कळलं. पुढच्या वर्षी जो मोफत इंग्रजीचा वर्ग आहे, होस्टेलसकट, तो फक्त बी-वनच्या खालच्यांना. "बाबा म्हनले, होस्टेल भेटलं तं राहा, न्हाई तं परीक्षा झाली की सामान घेऊन ये. घरी पाहुने येऊन राहिले मॅडम, पोरगी बघायला."
म्हणजे बिराजदार सरांच्या दयेनं हिचं होस्टेल धोक्यात आलं. कुणाला सांगू? चहा गार झाला, तसाच प्यायले.

२५ नोव्हें.
फेरलेखन. विषय: मैत्रिणीला तुमच्या शहरात राहायला बोलवा.
होस्टेलच्या पोरींनी अश्विनीला पढवलं होतं, मुद्दाम चुका कर. मला कळलं होतं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, ठाऊक नाही. लिहून काय ठेवते ही पोरगी, म्हणून तिच्याकडेच लक्ष. पुरवणी मागितली तिनं. दिली.
जाताना म्हणाली, "वाईट लिवायचं ठरवूनच आलते मॅडम. पन मैत्रिणीला बोलवायचं म्हनल्यावर... बोलवतच गेले."

२७ नोव्हें.
वाचलं. नांदेडला ये, लिहिते. इथे नदीकाठी बसलं तर कुणाची पोरगी म्हणून कुणी विचारत नाही. वाचनालयात पंख्याखालची एक खुर्ची आहे, ती मी तुझ्यासाठी धरून ठेवीन. इथे संध्याकाळ माझी असते. तू ये, म्हणजे आपण दोघी राहू.
साधं इंग्रजी. पण एकाला एक धरून, शेवटपर्यंत. पट्टी काढायचीही गरज नाही. बी-वन.
तांदळातले खडे निवडावेत तशा चुका निवडत बसले. सापडल्या. पुरेशा नाहीत. इतकं वाईट वाटलं की चष्मा काढून ठेवला.

२८ नोव्हें.
बि. सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "बसवा हो ए-टूत. जन्मभर तेहतीसचे पस्तीस केले, एकदा पस्तीसचे तेहतीस करा."
म्हटलं, आणि तिनं लिहिलंय त्याचं काय?
"ते बी खरंच हाय," म्हणाले. फोन ठेवला.
त्या मोफत वर्गाच्या प्रमुखांनाही विचारलं, एक जागा जास्तीची? नियम म्हणजे नियम, मॅडम.

२९ नोव्हें.
उद्या संध्याकाळपर्यंत पायरी भरायची आहे.
अश्विनी स्टाफरूमच्या दाराशी उभी होती. वाटलं, वर्गाचंच विचारणार. तर म्हणाली, "वाचलं का मॅडम? कसं झालं?"
खोटं बोलायचं ठरवलं होतं. सकाळपासून घोकत होते.
"चांगलं झालंय गं," म्हणून गेले. "फार चांगलं."
चेहरा असा खुलला तिचा! पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. मग चांगलं म्हणजे बी-वन, हे लक्षात आलं असावं तिच्या, हळूहळू. पण हसू काही तिनं पुसलं नाही. "बरं," म्हणाली आणि गेली.
तिच्या नावापुढचा रकाना अजून कोराच आहे.