बैलपाठीला जाणारी गाडी

गोरेगाव,
जि. गोंदिया,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
टिकारामचा सा. न. वि. वि.

भाऊबीज करून सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या करंज्या गोंदिया येईपर्यंत निम्म्या झाल्या होत्या. उरलेल्या सुलोचनेच्या हाती दिल्या, तर म्हणते, नणंदबाईंनी एवढ्याच दिल्या का.

तुझे कान गेल्यापासून फोनवर नुसता आरडाओरडा होतो आणि तू प्रत्येक गोष्टीला 'हो, जेवले' म्हणतेस. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. गोष्टही फोनवर ओरडण्यासारखी नाही.

तू चुलीपाशी असताना भाऊजींनी माझा हात धरला. झटका आल्यापासून त्यांची जीभ जड झाली आहे, पण जे म्हणाले ते स्वच्छ म्हणाले. बैलपाठीच्या पठारावर बांबूला फुलोरा आला आहे आणि त्यांना तिथं न्यावं, एवढंच. वनरक्षकाची सगळी नोकरी त्या पहाडावर केली, पण बांबू फुललेला कधी पाहिला नाही. एकदा फुलला की सगळं बन वाळून जातं आणि पुन्हा फुलायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं, हे तुला मी सांगायला नको. रेंज ऑफिसातले नंदलालजी मार्चअखेरपर्यंत एका गाडीचा, एका दिवसाचा परवाना काढून देतो म्हणाले आहेत.

बांबू वाहायचा जुना रस्ता मी खालून पाहून आलो. साधी जीप पहिल्याच नाल्यात बसेल. तेव्हा मी ठरवलं आहे की चारही चाकांना जोर असलेला एखादा जुना ट्रक घ्यायचा आणि त्याला पहाडासाठी तयार करायचं. नोकरीभर एसटी हाकली, पण चाक कधी डांबरावरून खाली उतरवलं नाही. उतरवलं असतं तर मेमो मिळाला असता. आता मेमो द्यायला कोणी नाही. रात्री डोळे मिटले की समोर रस्ताच नसतो, नुसतं गवत असतं आणि मी आपला चाललेला असतो.

भाऊजींना नमस्कार. लोभ तुझा आहेच. राग आला तर तोही पत्रानेच पाठव.

तुझा धाकटा,
टिकाराम


दरेकसा,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. टिकारामास,
वच्छलाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

राग आला होता, पण पत्र पोचायला वेळ लागतो म्हणून निम्मा वाटेतच जिरला. उरलेला असा. तुझं वय काय, तुझ्या कमरेचं दुखणं काय, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं काय हे चालवलं आहेस? यांचं डावं अंग उचलत नाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका असं बजावलं आहे. अंगणातून ओसरीवर आणायचं तर मला घाम फुटतो, आणि तू यांना बैलपाठीवर नेणार.

यांना विचारलं तर भिंतीकडे तोंड करून हसले. पुरुषांचं एकदा ठरलं की बाईनं फक्त डबा बांधायचा, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तो रस्ता मी कधी पाहिला नाही, पण यांच्या बुटांवरून मला तो पाठ आहे. खाली तांबडी माती, नाल्यापाशी काळा गाळ, आणि वर गेलं की पांढरी भुकटी, पिठासारखी. संध्याकाळी बूट झाडताना मी मनातल्या मनात तेवढं चढून यायची. अजूनही कधी कधी स्वप्नात त्या पांढऱ्या भुकटीवरून अनवाणी चालत असते. वेड्यासारखं लिहिते आहे, सुलोचनेला वाचून दाखवू नकोस.

सहज विचारते, असल्या ट्रकला पुढची काच एसटीसारखी मोठी असते का?

जपून राहा, आणि म्हाताऱ्या बहिणीवर माया ठेव. ती बोलते जास्त, पण तुझ्या भल्याचं बोलते.

तुझी ताई


गोरेगाव,
२२ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
टिकारामचा सा. न. वि. वि.

गाडी मिळाली. आता सविस्तर ऐक, म्हणजे वाच.

योगराज मिस्त्रीला सोबत घेऊन फिरलो. आमच्या डेपोतला जुना मेकॅनिक, तू ओळखतेस. पहिली गाडी गोंदियात पाहिली. लालभडक, टपावर दिव्यांची रांग, माझा जीव तिच्यावर जडला. योगराज खाली सरपटला आणि चेसिसवर पेचकसाने ठोकू लागला, तर नव्या रंगाखालून गंजाचे पापुद्रे गळाले. वरून कीर्तन, आतून तमाशा. दुसरी मिलिटरीच्या लिलावातली. हाड मजबूत, पण एक वायसर लागला तरी जबलपूर गाठावं लागणार, म्हणून तिलाही नमस्कार केला.

तिसरी डोंगरगडकडे एका गिट्टी खदानीच्या आवारात उभी होती. रंग उडालेला, एक दार पांढरं तर दुसरं निळं, आणि मागच्या हौद्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी आधी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार होता, म्हणजे आम्ही येणार म्हणून कोणी इंजिन तापवून ठेवलं नव्हतं. चावी फिरवली आणि पहिल्याच फटक्यात सुरू झाली. खालून चेसिस सरळ, आणि पुढच्या चाकांना जोर देणारा छोटा लिव्हर खट्कन बसला. त्या आवाजानं मला जे वाटलं ते लग्नातही वाटलं नव्हतं. हे मात्र सुलोचनेला कळता कामा नये. ती तशीही गाडीला सवत म्हणते.

कोंबडी उतरवायला मालकाच्या बायकोनं अर्धा दिवस घेतला. सगळी अंडी तिनं पदरात घेतली आणि मगच आम्हाला जाऊ दिलं.

आता एक काम कर. भाऊजींचा उजवा पाय किती वर उचलतो त्याचं माप सुतळीनं घे, गाठ मार आणि पाकिटात घालून पाठव. पायरी त्याच मापाची करायची आहे. काच मोठी आहे, पण तुला तिचा काय उपयोग? तुझी जागा मागे, भाऊजींच्या उशाशी.

तुम्हां दोघांचा लोभ आहे म्हणून हा उद्योग चालला आहे, तो कमी होऊ देऊ नये.

टिकाराम


दरेकसा,
६ जानेवारी २०२५

चि. टिकारामास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुतळी सोबत आहे. गाठीपर्यंत पाय उचलतो, त्यावर नाही. माप घेताना हे हसत होते. म्हणाले, आता तुझंही घे. मी म्हटलं, हे वय काय चेष्टेचं आहे? थंडी फार आहे, शेगडीपाशी बसवून ठेवते.

नंदलालजी येऊन गेले. फुलोरा म्हणे काही गुलाबासारखा नसतो, भाताच्या लोंबीसारखा असतो, पण सगळं बन एकदम लोंबीवर आलं आहे. ऐकल्यापासून मला झोपेत भात दिसतो, आभाळाएवढा उंच, आणि मी खाली विळा घेऊन उभी. कापायला हातच पोचत नाही. जागी झाले की छान वाटत राहतं.

काचेचं मी सहज विचारलं होतं. मागे तर मागे. उशाशी बसायची मला सवय आहे.

गाडी फार वेगात चालवू नकोस. सुलोचनेला आशीर्वाद सांग, आणि तिच्यासाठी वेगळ्या करंज्या पाठवते आहे, त्या मोजून दे. तुमची आठवण रोज निघते, तशीच तिकडेही निघू दे.

तुझी ताई


गोरेगाव,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
टिकारामचा सा. न. वि. वि.

गाडी आता ओळखू येणार नाही. स्प्रिंगचे पाटे बसून सपाट झाले होते. लोहाराकडून बाक देऊन घेतले आणि वर एक पाटा वाढवला. गाडी वीतभर उंच झाली. पण तुझी सुतळी लावून पाहिली तर पायरी कुठल्या कुठे. मग बिजागरीची पायरी केली, खाली पाडता येते आणि वर दुमडता येते. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा ठोकला, नाल्यातल्या दगडांसाठी. हवा घेणारी नळी टपाएवढी उंच नेली, म्हणजे पाण्यात इंजिनाचा श्वास कोंडणार नाही. पुढेमागे ओढायचे हुक लावले.

टायर मात्र माझ्या अकलेनं घेतले. दुकानातल्या चित्रात होते तसे, रुंद. भाताच्या बांधीत पाणी सोडून चिखल केला आणि गाडी घातली, तर ती चिखलावरून नुसती घसरत जाऊन शेताच्या धुऱ्याला आडवी लागली. शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. अख्खं गाव पाहायला होतं. बैलबंडीचं चाक अरुंद का असतं हे मी लहानपणापासून पाहत आलो. ते चिखल कापून खालच्या टणक जमिनीला पाय टेकतं. तरी दुकानात गेल्यावर अक्कल गहाण पडली. आता अरुंद, खोल नक्षीचे टायर लावले आहेत आणि त्याच बांधीतून गाडी म्हशीसारखी शांतपणे निघाली.

मग धक्क्याची परीक्षा. मागे भाऊजींसाठी नारळाच्या दोरीची खाट बसवली, वर गादी, आडवा पट्टा आणि ताडपत्रीचं छप्पर. सुलोचनेला खाटेवर बसवून हातात भरलेला लोटा दिला आणि शेतातून फिरवलं. पहिल्या फेरीत लोटा रिकामा आणि ती चिंब. वाढवलेला पाटा काढला, टायरमधली हवा थोडी कमी केली. शेवटच्या फेरीत पदराला चार थेंब लागले. तेव्हापासून ती सवत म्हणत नाही, आमची गाडी म्हणते.

कचारगडची यात्रा आटोपली, रस्ता आता मोकळा असेल. मार्चच्या मध्याला येतो. भाऊजींना वर नेल्याशिवाय मला चैन पडणार नाही, हे त्यांना सांग.

पायावर डोकं ठेवून निरोप घेतो.

टिकाराम


दरेकसा,
११ मार्च २०२५

चि. टिकारामास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळताच नीघ. नंदलालजी म्हणतात बी गळायला लागलं आहे, पानं पिवळी पडली आहेत. यांना मध्ये ताप होता, आता उतरला, पण अशक्तपणा आहे. रोज सकाळी विचारतात, टिकाराम आला का. कधी नव्हे इतकी घाई यांना झाली आहे. काल अवकाळी पाऊस पडून गेला, नाला बोलतो आहे म्हणे. मला ऐकू येत नाही, पण लोक सांगतात.

सुलोचनेला सोबत आण, घरात एक माणूस असलेलं बरं. बाकी भेटीत.

तुझी ताई


गोरेगाव,
२० मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
टिकारामचा सा. न. वि. वि.

येऊन दोन दिवस झाले तरी मन ठिकाणावर नाही, म्हणून लिहितो. मोठ्यांवर रुसू नये, पण मी रुसलो आहे.

एवढी पायरी केली, खाट केली, सुलोचनेला भिजवून भिजवून धक्के मोजले, आणि मी बाहेर खाटेचा पट्टा सैल करत होतो तेवढ्यात तू एकटीच बाहेर आलीस. म्हणालीस, हे येत नाहीत, आपण दोघं जाऊ. मी आत जाऊन हात जोडले. भाऊजींनी फक्त नकाराची मान हलवली. परवान्याचा दिवस तोच होता, म्हणून गाडी काढली.

नाल्यात पाणी हेडलाइटपर्यंत आलं तरी इंजिन एकदा खोकललं नाही. त्या शेवटच्या खड्या चढावर लहान गिअरमध्ये चारही चाकं अशी चढत गेली की मला माझाच अभिमान वाटायला हवा होता. पण मागे रिकामी खाट खडखडत होती आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडे. तू माझ्या शेजारी पुढे बसलेली, एक शब्द नाही. वरही गाडीतून उतरलीस आणि निघून गेलीस बांबूत. मी गाडीपाशीच बसून राहिलो.

माझं काय चुकलं ते सांग. भाऊजींना गाडी आवडली नाही का?

लोभ पूर्वीसारखाच आहे की त्यालाही कुठं भोक पडलं, हेही कळव.

टिकाराम


दरेकसा,
२८ मार्च २०२५

चि. टिकारामास,
वच्छलाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वेड्या, गाडी यांना फार आवडली. तू यायच्या आदल्या दिवसापासून खिडकीपाशी बसून होते. आत काय झालं ते तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण तोंड उघडलं असतं तर मी रडले असते, आणि मग तू गाडी नाल्यात घातली असतीस.

मी यांना स्वेटर चढवत होते. यांनी माझा हात बाजूला केला. मला ऐकू यावं म्हणून कानाशी तोंड आणलं आणि म्हणाले, "मले नाही जायचं. तुले जायचं आहे."

मी म्हटलं, फुलोरा पाहायचा हट्ट तुमचा होता. तर म्हणाले, "माह्या नावानं म्हणलो म्हणून गाडी झाली. तुह्या नावानं म्हणलो असतो तं तुह्या भावानं एक लुगडं आणून देल्लं असतं."

टिकाराम, यात खोटं काही नाही, आणि तुझा दोषही नाही. आपल्याकडे बहिणीला द्यायचं ते भाऊजींच्या मानानं देतात. लग्न होऊन आले त्या साली मी एकदा यांना म्हटलं होतं, मला बैलपाठीवर न्या. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाचं तिथं काय काम. मी पुन्हा बोलले नाही. मला वाटलं हे विसरले. सगळी नोकरी झाली, झटका आला, आणि या माणसानं ते मनात तसंच जपून ठेवलं होतं.

मी म्हटलं, मग दोघं जाऊ, टिकारामनं खाट केली आहे. त्यावर जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मी संगं आलो तं तू मलेच पाह्यशीन. पहाड पाह्याची नाही." आणि पुढे म्हणाले, "पुढंच बस. काच मोठी आहे."

म्हणून मी पुढे बसले. तू खाटेच्या खडखडाटाकडे कान लावून होतास, मला तो ऐकूच येत नव्हता. मला फक्त काच दिसत होती आणि काचेत पहाड खाली खाली येत होता. पावसानं हवा धुतली होती. वर पोचले तेव्हा वाटलं, इथं आपण आधी आलो आहोत. मग आठवलं, स्वप्नात.

बांबू नंदलालजींनी सांगितला तसाच होता, वाळक्या भातासारखा, काही सुंदर नाही. पण मी आत जाऊन उभी राहिले तेव्हा बी गळत होतं. मला आवाज नाही, पण केसांवर, खांद्यांवर, हातांवर बारीक बारीक पडत होतं, कितीतरी वेळ. मी हालले नाही. कोणी हाक मारली असती तरी कळलं नसतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं सुख वाटलं. मी माझ्यासाठी तिथं उभी होते, कोणाचा डबा घेऊन नाही.

खाली आले, यांना बसतं केलं. इतकी वर्षं हे पहाडावरून येऊन बोलायचे आणि मी ऐकायची. त्या दिवशी यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, आता सांग. मी सांगत राहिले. ज्या फुलोऱ्यासाठी यांनी जन्मभर वाट पाहिली, तो यांनी माझ्या तोंडून पाहिला. मध्येच कुठं नाल्याचं किंवा चढाचं चुकले तर बोट वर करून दुरुस्त करायचे. सुलोचना दारात उभी राहून ऐकत होती, तिला विचार.

परवाना संपला, बन वाळून जाईल. गाडी विकू नकोस. यांच्या अंगात बळ आलं की त्या खाटेवर यांना पक्क्या रस्त्यानं स्टेशनापर्यंत तरी फिरवून आणू, मी पुढे बसेन.

सुलोचनेला आशीर्वाद. ताईवरची माया अशीच राहू दे, आणि यापुढे मला काही द्यायचं झालं, तर माझ्याच नावानं दे.

तुझी
वच्छला