डोक्यावर पांढरं असलं की खेळाबाहेर

शनिवार, ३ जानेवारी २०२६

नातीनं, दामिनीनं, आज मळ्यातलं खळं झाडून घेतलं. मला वाटलं पोरीला अक्कल आली. तर म्हणे पुढच्या शनिवारी खेळ आहे. नंदुरबारहून, नाशिकहून पोरं-पोरी येणार. क्रिकेट नाही. सोंग घेऊन दिवसभर राहायचं. एक राज्य आहे, त्याची नदी हरवली, ती सगळ्यांनी मिळून शोधायची. एका दिवसात सापडत नाही म्हणे. मध्ये एकेक शनिवार सोडून तीनदा जमायचं.

मी म्हटलं, तापी आहे तिथंच आहे. गाडी करा आणि जा.

हसली. खूप दिवसांनी. म्हणून पुढं काही बोलले नाही.

माझा हेमकांत ओसरीवरच होता. मळा त्याचा, खळं त्याचं. तिनं बापाला विचारलं नाही, त्यानं लेकीला अडवलं नाही. गणपतीपासून दोघांचा अबोला आहे. शहाद्याकडचं स्थळ होतं. सुपारी फुटली, हॉल ठरला, आणि पोरीनं सांगितलं, 'मला हे लग्न करायचं नाही.' त्यापुढे एक शब्द नाही. हेमकांत चार माणसांच्या दारात जाऊन हात जोडून आला. तेव्हापासून तिच्याशी तोंड बंद. काही सांगायचं असलं तर म्हशीकडे बघून सांगतो — 'कोणाला जेवायचं असेल तर जेवून घ्यावं.' म्हैस काही जेवायला येत नाही.

फेब्रुवारीत दामिनी नाशिकला नोकरीवर जाणार. त्याच्या आत बाप बोलला पाहिजे. अशीच गेली तर सणालासुद्धा परत यायची नाही. माझ्याच घरातली आहे, मला माहीत आहे.

मंगळवार, ६ जानेवारी

मला खेळात घेतलं! विचारलं नाही, सांगितलं.

दामिनीनं समजावलं ते असं. खेळाडू वेगळे, कास्ट वेगळी. खेळाडू आपलं सोंग आपण ठरवतो, नाव-गाव-स्वभाव सगळं, आणि तेच शेवटपर्यंत. मनाला येईल ते करतो. कास्टला सांगतील ते. सकाळी चोर, दुपारी व्यापारी, संध्याकाळी मेलेला. उभं केलं तिथं उभं राहायचं, आणि दुसऱ्याचा खेळ रंगवायचा.

मी म्हटलं, म्हणजे सून.

रंजना भाकरी थापत होती. पदर तोंडाला लावून हसली. माझी सून आहे ती, तिला बरोबर कळलं.

नियम दोन. पहिला — ज्याच्या डोक्यावर पांढरं काही असेल तो खेळाबाहेर. कोणाला पाय मुरगळला, घरी फोन करायचा आहे, तर पांढरा रुमाल बांधायचा. त्याच्याकडे बाकीच्यांनी बघायचं नाही, तो दिसतच नाही असं समजायचं. पांढरं घालून बोललेलं खरं. काढून बोललेलं खेळातलं.

दुसरा — खेळातलं खेळात. कोण काय बोललं ते घरी न्यायचं नाही, त्यावरून भांडायचं नाही.

आमच्या भाऊबंदकीला हा दुसरा नियम कोणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, १० जानेवारी

काय सांगावं.

या शहाण्यांनी पांढरं ठरवलं, आणि हे आमचं रनाळे गाव आहे. चाळिशीच्या पुढचा प्रत्येक बाप्या इथं पांढरी टोपी घालतो. दोधूबाबा शेजारच्या मळ्यातून बघायला आला. रस्त्यात उभा राहून विचारतो, कोण रे तुम्ही, कुठले? पोरं त्याच्या अंगावरून निघून गेली. एकानंही वर बघितलं नाही. काठी आडवी केली, तर काठी ओलांडून गेली. तणतणत माझ्याकडे आला. 'वहिनी, पोरे माले देखी नही ऱ्हायनात. मी मरी गऊ का?'

मी म्हटलं, टोपी काढून बघ.

काढली. चकाचक टक्कल उन्हात चमकलं. लगेच दोन पोरी येऊन पाया पडल्या आणि विचारलं, महाराज, नदी कोणत्या दिशेला गेली? दोधूबाबानं सरळ स्वतःच्या बोअरकडे हात केला. अर्धा खेळ तिकडे पळाला. दामिनी कपाळाला हात लावून बसली.

माझं त्याहून वाईट. मला पाचटाच्या झोपडीत बसवलं होतं. दुष्ट म्हातारी. झोपडीत पाण्याचा माठ. जो येईल त्याला हाकलायचं, तीन निशाण्या आणल्याशिवाय थेंब द्यायचा नाही. या राज्यात पाण्याचीच तर मारामार. पहिलाच पोरगा आला तो धावून धावून लाल झालेला. नाशिकचा, चष्मेवाला. 'आजी, पाणी मिळेल?'

आता दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायचं? मी तांब्या भरून दिला. रिकाम्या पोटी पाणी पिऊ नको म्हणून कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. त्यानं बाकीच्यांना हाक मारली. मग काय, माठ संपला, भाकरी संपल्या, आणि नदी शोधायचं कोणाला कारणच राहिलं नाही.

दामिनी संध्याकाळी म्हणाली, 'आजी, तू दुष्ट आहेस ना गं!'

मी म्हटलं, आहेच. गावात कोणालाही विचार. पण पाण्याला नाही.

रविवार, ११ जानेवारी

पोरांनी जाताना फोन नंबर मागितला. मिरचीच्या ठेच्यासाठी.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. हेमकांतनं सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. दामिनी पुढं उभी राहिली तेव्हा वाटी तिच्याजवळ ठेवून बाहेर गेला. तोंडानं 'गोड बोल' म्हणायची पाळी नको.

पण दुपारी बघितलं — तिची स्कूटी उन्हात होती, ती ढकलत लिंबाखाली नेऊन लावली. सीटवर हात फिरवून बघितला, तापली का. मला बघितल्यावर म्हशीला उगाच ओरडला.

शनिवार, २४ जानेवारी

दुसरा खेळ. दामिनी नियम बदलणार होती, पांढऱ्याचं लाल करणार होती. पोरांनी बदलू दिलं नाही, त्यांना सवय झाली. मग गावाला सांगितलं, बघायचं असेल तर टोपी घालून गुपचूप बघा, बोलायचं असेल तर काढा. दोधूबाबा सकाळपासून बोडका बसला. आता त्याचं नाव महाराज. घरी सुनेला पण महाराज म्हणायला सांगतो.

माझी दुष्ट म्हातारी काढून टाकली. आता मी नुसती म्हातारी. निशाणी मागत नाही, पाणी देते आणि चुकीचा रस्ता सांगते. हे जमतं.

मला आधी हा पोरखेळ वाटला होता. पण सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला माणसं नवस घेऊन बुध्या होतात, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरं. तेवढे दिवस खाटेवर निजत नाहीत, अनवाणी राहतात. तेव्हा त्यांना कोणी घरच्या नावानं हाक मारत नाही. सोंग घेतलं की त्याचे नेम पाळावे लागतात. ही पोरं पाळतात. बांधावर चष्मेवाला पडला, गुडघा फुटला, तरी आधी रुमाल बांधला आणि मग रडला.

हेमकांत दिवसभर हरभऱ्याच्या कडेला टोपी घालून उभा. पीक तुडवतील म्हणून, असं म्हणाला. हरभरा खेळाकडे पाठ करून राखता आला असता.

बुधवार, ४ फेब्रुवारी

ललितचा हात मोडला. ललित म्हणजे नंदुरबारचा पोरगा, दामिनीच्या कास्टमधला. नाकेदार व्हायचा. शनिवारी शेवटचा खेळ, नदी नाक्याच्या पलीकडे, आणि नाक्यावर बसायला माणूस नाही. दामिनी फोनवर फोन करते आहे. कोणी मोकळं नाही.

मला एक माणूस माहीत आहे. गणपतीपासून मोकळाच आहे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

हेमकांतला गोठ्यात गाठलं. सांगितलं, शनिवारी तुला नाक्यावर बसायचं. येईल त्याला विचारायचं — कोण, कुठून आला, कुठे चालला. बरं वाटलं तर सोडायचं.

'माय, मी आते सोंग करसू का?'

म्हटलं, घरमा काय करी ऱ्हायना तू?

धार काढत राहिला. मग म्हणाला, 'टोपी काढनी पडी?'

म्हटलं, काढावी लागेल.

हो नाही म्हणाला, पण नाही पण नाही म्हणाला. रंजनाला सांगितलं, त्याला जुनी काळी कोपरी काढून दे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सकाळी दोन बाभळींना दोरी बांधली. बाज टाकली. हेमकांतनं टोपी काढली, घडी करून बाजेवर उशाला ठेवली. कपाळाचा वरचा अर्धा भाग गोरा. ते मी सुद्धा कितीतरी वर्षांनी बघितलं.

माझी झोपडी नाक्याला लागून. सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. कान अजून शाबूत आहेत.

वाटलं होतं, लाजेल. कसला लाजतो! पहिल्या टोळीला पिशव्या उलट्या करायला लावल्या. चष्मेवाल्याला विचारलं, नदी सापडल्यावर पहिलं पाणी कोणाला? तो म्हणाला, राजाला. परत पाठवला. दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, गुरांना. तेव्हा दोरी वर केली. पोरं भारी खुश.

दुपारी ऊन चढलं. तेव्हा दामिनी आली. कास्टमध्ये एक बांगडीवाली होती, ती दामिनीनं स्वतःकडे घेतली होती. डोक्यावर हिरवी ओढणी, टोपलीत काचेच्या बांगड्या. नाका ओलांडल्याशिवाय पुढचा खेळ हलत नाही. दोरीपाशी येऊन उभी राहिली.

मी हातातलं पाचट खाली ठेवलं.

हेमकांतनं दोरीकडे बघितलं. मग विचारलं. सगळ्यांना विचारत होता तसंच, त्याच आवाजात.

'कोन शे?'

'बांगडीवाली.' खेळात ती शाळेतलं शुद्ध बोलते.

'कोन्ही पोर शे तू?'

हे सगळ्यांना विचारत नव्हता.

'एका शेतकऱ्याची.'

'बापले इचारीसन निंघनी का?'

'विचारलं असतं. तो बोलत नाही माझ्याशी.'

'का?'

'त्याचा शब्द मोडला मी. ठरलेलं लग्न मोडलं.'

हेमकांतनं दोरीची गाठ धरली. सोडतो की काय, मला वाटलं. नाही सोडली.

'का मोडं?'

एवढंच. इतक्या महिन्यांत आमच्या घरात हे कोणी विचारलं नव्हतं. लोक काय म्हणतील ते विचारलं, हॉलचं काय करायचं ते विचारलं. का मोडलं, ते नाही.

दामिनी टोपलीतल्या बांगड्या उगाच सारख्या करायला लागली. मग बोलली. हळू, पण सगळं.

'तो मुलगा म्हणाला, लग्नात तुझ्या बापाला टोपी काढायला सांग. फोटोत गावठी दिसतो. माझे साहेब येणार आहेत. मी म्हटलं, नाही काढणार. तर म्हणाला, मग मागच्या रांगेत बसव. हसून म्हणाला. जसं मी पण हसणारच.'

हेमकांतच्या हातात दोरीची गाठ तशीच.

'घरी हे कसं सांगायचं? सांगितलं असतं तर बाप म्हणाला असता, एवढ्यासाठी मोडतात का, काढतो मी टोपी. आणि काढली असती.'

बाजेवर टोपी घडी करून ठेवलेली. दोघांनी एकदमच तिकडे बघितलं.

त्यानं दोरी वर केली. पार डोक्याच्या वर, तिला वाकायला लागू नये म्हणून. 'जाय,' म्हणाला.

ती गेली. मागून पाच-सहा पोरं आली, त्यांना एक शब्द न विचारता सोडली. दोरी हातात धरून तसाच उभा.

मला धुरानं डोळ्यांत पाणी येतं. आज चूल पेटवलेली नव्हती. असो.

नदी सापडली. दोधूबाबाच्या बोअरचा पाइप खळ्यात सोडला होता. सगळी पोरं भिजली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

अजून बोलला नाही.

काल दिवसभर वाट बघितली. आज गोठ्यात जाऊन विचारलं, ऐकलंस ना तिचं?

म्हणतो, 'माय, ते खेळमातलं शे. खेळमातलं घर आनानं नही. तिन्हाच नियम शे.'

डोक्यात शेणाची पाटी घालावीशी वाटली. खुळ्यानं आयुष्यात एक नियम पाळला, तो हा.

रंजनाला सांगावं का? नको. मी पण कास्टमध्येच आहे. ऐकलेलं घरी न्यायचं नाही. फक्त वहीत लिहिलं. वही म्हणजे घर नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

टोपी खुंटीवर आहे. शनिवारपासून घातलेली नाही. रंजना रोज धुऊन, कडक वाळवून, घडी करून अडकवते. हा बोडका शेतात जातो, बोडका सोसायटीत जातो. दोधूबाबानं विचारलं, अजून नाक्यावर बसला का रे? तर ऊन नाही म्हणाला. ऊन नाही! गोऱ्या कपाळाची सालं निघाली.

दामिनी बघते आणि मान खाली घालते. सांगितल्याचा तिला पस्तावा होत असेल. बापाला जे लागू नये म्हणून एवढं सोसलं, तेच लागलं. तिला वाटत असेल, आता टोपी कायमची सुटली. मला पण तसंच वाटतं.

माझ्या पोराला लाज कशाची वाटावी, ते त्या साहेबाच्या चाकरानं ठरवलं! समोर असता तर त्याला पाणी पण दिलं नसतं. हो, त्याला नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. भगर, शेंगदाण्याची आमटी. दामिनीची पिशवी भरून झाली. ठेचा दिला दोन बरण्या, एक त्या चष्मेवाल्याला.

पाया पडली. म्हटलं, होळीला ये. 'बघू,' म्हणाली.

हे 'बघू' मला ओळखीचं आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळची नाशिकची एसटी. मी आणि रंजना स्टँडवर सोडायला. सगळं गाव तिथं, सोसायटीवाले, दूधवाले, त्या स्थळाचे मध्यस्थ पण.

गाडी लागली. मागून हेमकांत आला. तिची पिशवी उचलून आत ठेवली. खाली उतरला. खिडकीपाशी उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, 'दामिनी, पोहचनी का फोन करजो. तुन्ही मायले नको. माले कर.'

डोक्यावर पांढरी टोपी होती.