नव्वद सेकंद

सोमवार, ६ जानेवारी २०२५, शिरूर

आले बाई एकदाची! हातात नोकरी, भाड्याच्या खोलीत कॉट, आणि कॉटखाली आईने दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. डिग्री झाल्यावर सव्वा वर्ष केंदूरला घरी बसून 'लागलं का कुठं?' ऐकून कान किटले होते. आता विचारा म्हणावं.

कंपनी म्हणजे बायपासलगतची एक पत्र्याची शेड आणि सात माणसं. बनवतो काय, तर मोबाईल स्टार्टर. शेतकऱ्याने घरबसल्या फोन लावायचा, की विहिरीवरची मोटर चालू. मग बॉक्सच उलटा फोन करून सांगतो की मोटर चालू झाली हाय. मध्येच लाईट गेली, तर ती परत आल्यावर बॉक्स आपला आपण मोटर सुरू करतो. या बॉक्सच्या पोटात नखाएवढी चिप असते आणि तिच्यात कोड. तो आता मी लिहिणार! मालक सम्राटसर म्हणाले, सहा महिने काम बघू, मग कायम करू.

माझी खुर्ची आधी जालिंदर नावाच्या इंजिनिअरची होती. दिवाळीत तो न सांगता सोडून गेला. त्याच्या ड्रॉवरमध्ये तंबाखूची पुडी आणि शाळेतल्या खेळाच्या मास्तरांकडे असतं तसलं स्टॉपवॉच सापडलं. पुडी फेकली, घड्याळ ठेवलं.

गुरुवार, ९ जानेवारी

तीन दिवस जालिंदरचा कोड वाचतेय. माणूस नीटनेटका होता. फक्त एका जागी गाडी अडते. लाईट आली की बॉक्स नव्वद सेकंद काहीच करत नाही, नुसता बसून राहतो, आणि मग मोटर सुरू करतो. त्या ओळीशेजारी जालिंदरने लिहिलंय, 'काढू नका.' का, ते लिहायला याच्या पेनातली शाई संपली होती की काय! फोन लावला, तर उचलत नाही.

बॉक्समधला आवाज मात्र मला फार आवडतो. रेकॉर्ड केलेली सहाच वाक्यं आहेत, पण बांधावरून हाक मारल्यासारखा मोकळा आवाज. सर म्हणाले, तो संपतचा, आपल्या जुन्या फिटरचा. तो कुठे असतो, असं विचारलं. तो आता नाही, एवढंच म्हणून त्यांनी कुणाला तरी फोन लावला.

मंगळवार, १४ जानेवारी, केंदूर

संक्रांतीला घरी. येताना एक बॉक्स आणला आणि आमच्या विहिरीवर स्वतः बसवला. फोन आप्पांना आणि मला, दोघांनाही येणार. आप्पांनी अर्धी आळी गोळा करून दाखवलं, 'आमच्या पोरीनं केलाय!' खरं तर मी नुसता बसवला, पण गप्प राहिले. अंगावर मूठभर मांस चढलं.

आप्पांनी विहिरीत वाकून मोटरची केबल दाखवली. दगडावर घासून तिची चिकटपट्टी सुटत चाललीय. गव्हाचं पाणी झालं की उतरून बघतो म्हणाले. मेन स्विच बंद करून उतरा, असं मी बजावलं, तर हसायला लागले. 'बल्ब हाय की! बल्ब लागला की वर यायचं. आज्यापासनं हेच हाय.'

विहिरीच्या काठावर टांगलेला तो बल्ब लाईट आली की पेटतो, आणि खालचा माणूस शिडी चढून वर येतो. मी त्याच बल्बखाली पोहायला शिकले.

सोमवार, २० जानेवारी, शिरूर

पाटस आणि दौंडकडच्या ऊसवाल्यांची तक्रार आली. आठ तास लाईट, त्यात तुमचा बॉक्स दर वेळी झोपा काढतो. दुसऱ्यांचे लगेच सुरू होतात. सरांनी विचारलं, काढता येईल का ते थांबणं? जालिंदर वर्षभर नाही म्हणत होता म्हणे.

मी ती ओळ काढली. एक ओळ! नवीन कोड नेटवर्कवरून सगळ्या दोनशे चौदा बॉक्सना पाठवला, आमच्या विहिरीवरच्यालाही. सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. हुरळून जाऊन रस्त्यात एकटीच हसत होते.

गुरुवार, २३ जानेवारी

हसणं बंद. बॉक्स अजूनही थांबतात. टेबलावर टेस्टिंगसाठी ठेवलेला बॉक्ससुद्धा. जालिंदरच्या स्टॉपवॉचवर मोजलं. नव्वद. पुन्हा मोजलं. नव्वद. चिपमधला कोड परत बाहेर काढून वाचला. ती ओळ तिथे नाही.

मग थांबतंय कोण? सर म्हणाले, पाटसचा माल परत आला तर आपल्याला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. गोडच बोलले, पण जेवण गेलं नाही.

सोमवार, २७ जानेवारी

दुपारी सगळे डबे खायला बाहेर होते. मी बॉक्सची लाईट बंद करून चालू केली. स्पीकरमधून संपतचा आवाज आला, 'थांब. खाली कोन हाय?'

सहाच वाक्यं आहेत. सहाही तीन-तीनदा ऐकली. हे त्यांत नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

आजही. त्यानंतर हळू आवाजात मोजणं. नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी... शेवटी एक, आणि टक, मोटरचं बटण पडलं. मला भीती वाटतेय, लिहायला लाज कसली.

सरांना ऐकवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. एवढंच म्हणाले की याचा आवाज सगळीकडून पुसून टाका, तुमचा घाला.

बुधवार, २९ जानेवारी

सहा वाक्यं माझ्या आवाजात रेकॉर्ड केली. 'मोटर चालू झाली आहे.' सगळ्या बॉक्समधून संपतचा आवाज पुसला, माझा घातला.

लाईट चालू केली, टक. लगेच! एक सेकंदही नाही. सरांनी पेढे आणले आणि कायम केल्याचं पत्र हातात दिलं. सहा महिन्यांचं काम तीन आठवड्यांत. आप्पांना सांगितलं, तर म्हणाले, आता मोटर लेकीच्या तोंडानं बोलती.

पत्र उशाशी घेऊन पडलेय, पण या कुशीवरून त्या कुशीवर. आवाज पुसला म्हणजे नेमकं काय पुसलं मी?

शनिवार, १ फेब्रुवारी, इनामगाव

सकाळी तक्रार आली. सरूबाई म्हणून एक म्हातारी, तिला जुना आवाज परत हवा आहे. असली तक्रार मी कधी ऐकली नव्हती. एसटीने आले.

सरूबाई संपतची आई.

ती रोज बॉक्सला फोन लावायची, मोटरसाठी नाही, लेकाचा आवाज ऐकायला. हे सांगताना ती रडली नाही, मीच रडले. दोन वर्षांपूर्वी संपत इथल्या घरच्याच विहिरीत केबल बघायला उतरला होता. बल्बवर भरवसा ठेवून. लाईट आली, बल्ब पेटला, आणि त्याच क्षणी बॉक्सने मोटर सुरू केली. केबल सोललेली होती. पाण्यात करंट उतरला. सरांनी गावाला सांगितलं, पाय घसरला.

दहावं झाल्यावर जालिंदर आला. स्टॉपवॉच घेऊन तीन वेळा तळापर्यंत उतरला आणि वर आला. तळापासून काठापर्यंत नव्वद सेकंद लागतात.

बल्ब मला लहानपणापासून माहीत होता. ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. दोन्ही एकत्र जोडायचं मला सुचलं नाही, आणि मी स्वतःला इंजिनिअर म्हणवते!

सरूबाईने माझा हात धरला. 'मानूस वर येस्तोवर माझा संपत मोटर धरून ठिवायचा, पोरी. कुठं घातलास त्याला?'

दुपारी १२.१५, तिच्या ओसरीवर

लॅपटॉप उघडला. ओळ परत घातली, सगळ्यांना पाठवली. ज्यांच्याकडे लाईट आहे त्यांनी घेतली. दोनशे तेरा. एक राहिला. आमचा.

केंदूरला आज लाईट एकच्या आसपास येते. तोवर बॉक्स मेलेला. आधी त्या नव्वद सेकंदांत तो नेटवर्क शोधायचा. आता आधी मोटर सुरू करेल, मग नेटवर्क. हे मीच—

१२.२५

आईला फोन केला. आप्पा चिकटपट्टी घेऊन विहिरीवर गेलेत, फोन घरीच. मेन स्विच? आईला माहीत नाही. माझ्या चुलतभावाला, विक्रमला, पळवलंय. पण विहीर पार शिवेला आहे, आणि तो घरी नव्हता, आधी त्याला शोधायचं—

१२.५०, एसटीत, न्हावऱ्याजवळ

लिहितेय, कारण हात स्वस्थ राहत नाहीत. गाडी प्रत्येक फाट्याला थांबते. संपत, पाया पडते तुझ्या, चुकले मी. एकदाच. आज एकदाच थांबव—

१२.५४

विक्रमचा फोन. बांधावर पोचलाय, विहीर दिसतेय. बल्ब पेटलेला नाही. हाका मारतोय.

१२.५५

आप्पांनी ओ दिली! खालून. विक्रम म्हणतो, मेन चालूच आहे, तो पळतोय. आप्पा शिडीकडे निघालेत, पाणी कमरेएवढं आहे. चला आप्पा, चला—

विक्रम ओरडला, बल्ब—

मध्येच दुसरा फोन येतोय. बॉक्सचा नंबर. आधी मोटर, मग फोन. उचलला. संपत नाही. माझाच आवाज, किती स्वच्छ—

मोटर चालू झाली आ