कुणाचंच नसलेलं नाव

आई, तुला पणती झालीय. माझ्या लेकाला मुलगी. सूनबाई बाळंतपणाला सांगलीला माहेरी आहे, म्हणून परवा आम्ही दोघं तासगावहून बाळ बघायला गेलो. बाळ झ्याक आहे, नाकानं तुझ्यावर गेलंय. पण नावाचा घोळ काही मिटत नाही. मायरा झालं, कियारा झालं, आता गाडी विहावर अडलीय. माझं मत विचारशील तर ही नावं मला अत्तराच्या बाटल्यांसारखी वाटतात. दिसायला छान, पण उन्हात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवायचं म्हटलं तर आवाजच चढत नाही. ह्यांनी 'विहा' दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा 'इया' झालं. सूनबाई हसली आणि मग जरा रडवेली झाली. तिचं तरी काय चुकलं? लेकीला काहीतरी तिचं एकटीचं द्यावं, एवढंच तिला वाटतं. तुलाही तेच वाटलं होतं.

कोरेगावला शाळूची काढणी चालली होती आणि मी झाले, म्हणून तू माझं नाव सुगी ठेवलंस. माझी आत्या पाळण्यापाशी अडून बसली, "आगं, सुगी काय नाव हाय व्हय? द्येवाचं ठेव एकादं." तू म्हणालीस, "जिची वरीसभर वाट बघत्यात ती सुगी. माजी पोरगी तसलीच हाय." भाकऱ्या थापताना तू मला हे इतक्यांदा सांगायचीस की मला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. मग लग्न. ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरंच नाव काढलं, सासूबाईंनी ठरवलेलं, गल्लीत हाक मारली तर चौघीजणी वळून बघतील असलं. तू हळूच म्हणालीस, "आवं, ऱ्हाऊ द्या की तिचं नाव." सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात बदलत्यात." विषय संपला. तू मात्र शेवटपर्यंत मला सुगीच म्हणालीस, आणि तुझ्यामागं ते नाव कुणी घेतलं नाही.

परवा सूनबाई मलाच म्हणाली, "आई, तुम्ही सुचवा ना एखादं. कुणाचंच नसलेलं." मी बाळाकडं बघत बोलून गेले, "सुगी." तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. "गोड आहे हो, पण शाळेत चिडवतील." मला पटलं, मलाही चिडवायचेच. एवढ्यात हे मान वर करून म्हणाले, "सुगी? ह्ये कुणाचं गं नाव?" आई, ती थट्टा नव्हती. पलटणीतला स्वतःचा नंबर झोपेतून उठवलं तरी सांगतील, पण आपल्या हातानं तांदळात बदललेलं बायकोचं नाव त्यांना आठवत नव्हतं. मी म्हटलं, "कुणाचं न्हाई. असंच सुचलं." दुसरं काय म्हणणार? इतक्या वर्षांनी भांडायचं कुणाशी, आणि मागायचं तरी काय?

रविवारी बारसं आहे. विहाच ठरलंय. आत्या म्हणून माझी लेक बाळाच्या कानात ते सांगेल आणि मी पाळण्याची दोरी धरीन. हे सगळं तुला लिहून काय होणार, आणि हा कागद टाकायचा तरी कुठल्या पेटीत? पण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून तुलाच सांगते. मला ह्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उभ्या संसारात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून माझं नाव आलं, आणि माझी ओ ओठांवर येऊन राहिली.